काल रात्री काय खाल्लंस?

ऑफिसचा वार्षिक हेल्थ चेकअप म्हणजे फुकटचा अर्धा दिवस, असंच मी आजवर समजत होते. यंदा मात्र रिपोर्ट आला आणि त्यात हिमोग्लोबिनचा आकडा होता 9.4. बाईचं किमान 12 तरी हवं. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, ''काल रात्री काय खाल्लंस?'' मी आठवायला लागले. अर्धं सँडविच, दोन चहा, रूममेटच्या बिर्याणीतले चार घास. ''आणि परवा?'' परवाचं तर काहीच आठवेना!

मला वाटलं, मीच एकटी ढिसाळ. पण 2019 ते 2021 मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे. म्हणजे आमच्या लिफ्टमध्ये चढणाऱ्या दर दोघींपैकी एकीला असू शकतो. जिना चढताना लागणारी धाप, दुपारी चारला मिटणारे डोळे हे सगळं मी खुशाल कामाच्या ताणावर ढकलत होते.

गोळ्या सुरू झाल्या. सोबत घरी जेवायचं फर्मानही. आता मला स्वयंपाक येतच नाही असं नाही हो. पण साडेआठला घरात शिरल्यावर 'काय करू?' या प्रश्नातच वीस मिनिटं जातात आणि मग बोटं आपोआप मोबाइलकडे वळतात. आपलं घोडं अडतं ते रेसिपीपाशी नाही, या वीस मिनिटांपाशी. म्हणून ठरवलं, काय करायचं ते भूक लागायच्या आधीच ठरलेलं असायला हवं.

पहिल्या रविवारी जोशात आठवड्याची सगळी भाजी धुऊन, चिरून डबे भरले. बुधवारी मेथीचा चिखल! आईला फोन केला तर ती हसायलाच लागली. ''अगं, पालेभाजी कुणी धुऊन ठेवतं का? नुसती निवड, कागदात गुंडाळ, डब्यात घाल. करायच्या वेळी धू आणि मग चीर.'' आता तसंच करते. चार दिवस पाला छान राहतो. चिरण्याआधी धुतल्यामुळे सत्त्व पाण्याबरोबर वाहून जात नाही, हा बोनस.

खरी मैत्रीण निघाली ती मटकी. शनिवारी रात्री एक वाटी मटकी भिजत घालायची, रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची आणि विसरून जायचं. सोमवारी सकाळी मोड हजर (थंडीत थोडी आळशी होते, एखादा दिवस जास्त द्या). वाटीभर मटकी फुगून बघता बघता डबाभर होते, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. सोमवारी उसळ. बुधवारी त्यातलीच उरलेली मटकी वाफवून कांदा, टोमॅटो, कोथिंबीर घालून भेळेसारखी.

आता यातली गंमत ऐका. डाळी-कडधान्यांत आणि पालेभाजीत लोह असतं, पण शरीर ते सहजासहजी उचलत नाही. सोबत 'क' जीवनसत्त्व असेल तर बऱ्यापैकी उचलतं. म्हणजे उसळीवर लिंबू पिळणं ही नुसती चवीची गोष्ट नाही. पेरूची फोडही चालते. मोड आले की मटकीतही थोडं 'क' तयार होतं. आणि या सगळ्यावर पाणी फिरवतो कोण? आपला लाडका चहा! जेवणाला चिकटून घेतलेला चहा किंवा कॉफी लोह शोषू देत नाही. तासाभराचं अंतर ठेवा. माझ्यासाठी या अख्ख्या लेखातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच, कारण आमच्याकडे लंचनंतर टपरीवर जाणं हा जवळजवळ मीटिंगचाच भाग आहे. पहिले आठ दिवस मी टपरीवर नुसती उभी राहून गप्पा मारल्या. लोकांना वाटलं, उपास आहे.

तुळशीबागेतून एक लोखंडी कढईही आणली. पालक-टोमॅटो, चिंच-गुळाची उसळ असं काही आंबट तिच्यात शिजलं की कढईतलं थोडं लोह भाजीत उतरतं. मात्र भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची, नाहीतर ती काळी पडते आणि तोंडात नाणं ठेवल्यासारखी चव येते (अनुभवाचे बोल!). कढई धुऊन लगेच पुसायची, तेलाचा हात फिरवायचा. नॉनस्टिकवाल्यांना हे लाड वाटतील. असू देत.

ज्या दिवशी अंगात जीव नसतो, त्या दिवशी कुकर. खालच्या भांड्यात अर्धा तास भिजवलेली तूरडाळ, दुप्पट पाणी, हिंग, हळद. वरच्यात तांदूळ. तीन शिट्ट्या, मग पाच मिनिटं मंद गॅस. वाफ आपोआप जिरू द्या, तोवर अंघोळ उरकते. वर तूप, लिंबू. डाळीत जे कमी पडतं ते भातात असतं आणि भातात जे कमी ते डाळीत, त्यामुळे वरणभाताला आजाऱ्याचं जेवण म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. डाळ भिजवायलाही विसरलात तर पिठलं: वाटीभर बेसन, तीन वाट्या पाणी, लसणाची झणझणीत फोडणी. दहा मिनिटं.

उरलेल्या भाताचं मात्र जरा सांभाळा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकायची आपली जुनी सवय. पण उघड्यावर राहिलेल्या भातात काही जंतू विष तयार करतात आणि ते परत गरम करूनही जात नाही. जेवणं झाली की दोन तासांच्या आत भात फ्रिजमध्ये. सकाळचा फोडणीचा भात मग बिनधास्त.

रेसिपी लागलीच तर आईने दिलेलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे. 1970 सालचं पुस्तक, पण मापं वाटी-चमच्यात. आमच्या किचनमध्ये वजनकाटा नाही, वाटी आहे!

तीन महिन्यांनी परत रक्त तपासलं. 11.3. डॉक्टरबाई म्हणाल्या, यात मोठा वाटा गोळ्यांचा, आणि त्या अजून चालू ठेवायच्या. मी किंचित हिरमुसले. मग त्यांनी सवयीने विचारलं, ''काल रात्री काय खाल्लंस?''

''मटकीची उसळ, दोन पोळ्या, लिंबू. परवा पिठलं-भात. पोळ्या कोपऱ्यावरच्या काकूंकडून विकत आणते, ते मोजायचं का?''

''मोजायचं,'' त्या म्हणाल्या.