पॅपिलोमा व्हायरस, मानवी

त्वचा व श्लेष्मकला (शरीरातील पोकळ्यांचे बुळबुळीत अस्तर) यांच्या कोशिकांत वाढणाऱ्या व्हायरसांचा एक समूह. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. काहींमुळे हातापायांवर चामखिळी येतात, तर सु. ४० प्रकार लैंगिक संबंधातून पसरतात. त्यांपैकी डझनभर प्रकार कर्करोगकारक आहेत. गर्भाशयग्रीवेच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या) कर्करोगात आढळणारे १६ व १८ क्रमांकांचे प्रकार सर्वांत घातक होत. ते हाराल्ट त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३-८४ मध्ये वेगळे केले. २००८ मध्ये त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

संसर्ग सर्वत्र आढळतो, रोग मात्र क्वचित. लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो केव्हा ना केव्हा, कोणत्याही लक्षणावाचून होतो व दहांपैकी सु. नऊ वेळा दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. उरलेल्यांपैकी काही स्त्रियांत ग्रीवेच्या कोशिका बदलू लागतात. त्या बदलांचे कर्करोगात रूपांतर होण्यास बहुधा १५ ते २० वर्षे लागतात. कोणाचा संसर्ग टिकेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून चाचणीत व्हायरस आढळला याचा अर्थ कर्करोग झाला असा नव्हे. पुढील तपासणी आवश्यक आहे, एवढाच. संसर्ग केव्हा व कोणाकडून झाला, हेही चाचणीवरून ठरत नाही, कारण जुना सुप्त संसर्ग अनेक वर्षांनी पुन्हा प्रकट होऊ शकतो. अशा निदानावरून पत्नीच्या किंवा पतीच्या वर्तनाविषयी संशय घेणे सर्वस्वी निराधार आहे.

चाचणीचे मोल महाराष्ट्रातच सिद्ध झाले. उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची पाहणी १९९९ मध्ये सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. गावांचे ५२ समूह चार गटांत विभागण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, व्हायरसची चाचणी एकदाच केलेल्या गटात आठ वर्षांत या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. तपासणी न केलेल्या, काहीशा लहान गटात ६४. या शेवटच्या गटाला तपासणीपासून दूर ठेवल्याबद्दल पुढे नैतिक आक्षेप घेण्यात आले, व ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

लशीबाबतचा एक प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. मुलींना दोन मात्रा पुरतात की तीन, हे पाहण्यासाठी २००९ मध्ये पुणे व बार्शी धरून देशात अनेक ठिकाणी अभ्यास सुरू झाला. २०१० मध्ये शासनाने अशा अभ्यासांतील लसीकरण थांबविल्याने हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. दहा वर्षांच्या निरीक्षणात १६ व १८ या प्रकारांच्या टिकाऊ संसर्गापासून त्यांनाही सु. ९५ टक्के संरक्षण मिळाल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ९ ते २० वर्षे वयाच्या मुलींसाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' या लशीस भारतात परवाना मिळाला; ती ६, ११, १६ व १८ या प्रकारांविरुद्ध आहे.

निरोधाने धोका घटतो, पण झाकल्या न गेलेल्या त्वचेतूनही संसर्ग होत असल्याने पूर्णपणे टळत नाही. लस आधीच जडलेला संसर्ग बरा करीत नाही व सर्व कर्करोगकारक प्रकारांना रोखत नाही. त्यामुळे लस घेतलेल्या स्त्रियांनीही तिशीनंतर ग्रीवेची तपासणी करून घ्यावी लागते.