खायचा सोडा हृदयाला वाचवतो तेव्हा

स्वयंपाकघरातला खायचा सोडा तुमच्या चांगला ओळखीचा आहे. ढोकळा फुगवणारी ती पांढरी पूड म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. हाच पदार्थ निर्जंतुक द्रावणाच्या रूपात रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ठेवलेला असतो आणि एका विशिष्ट विषबाधेत तो थेट शिरेतून देतात. ही विषबाधा सापाची नव्हे की विंचवाची नव्हे. ती होते एका उपयोगी औषधाने.

त्या औषधाची हकीकत स्वित्झर्लंडमधली. बाझेलच्या गायगी कंपनीने तयार केलेले एक रसायन म्युन्स्टरलिंगेन येथील मनोरुग्णालयात डॉ. रोलांड कून रुग्णांना देऊन पाहत होते. छिन्नमनस्कतेवर ते लागू पडेना. पण १९५६ मध्ये तीव्र नैराश्याच्या रुग्णांना ते दिले, तेव्हा काहींची कळी खुलू लागली. हे औषध म्हणजे इमिप्रामीन. त्याच्या रेणूत तीन वलये एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून ते आणि त्याची भावंडे 'त्रिवलयी' औषधे म्हणून ओळखली जातात. त्यांपैकी अमिट्रिप्टिलीन आजही नैराश्यावर आणि थोड्या मात्रेत अर्धशिशीवर, नसांच्या दुखण्यावर देतात. म्हणजे आजोबांच्या औषधांच्या डब्यात ते सहज असू शकते. आणि घरातल्या दोन वर्षांच्या पोराला रंगीत गोळी म्हणजे लिमलेटची गोळीच वाटायची!

अशा गोळ्या जास्त पोटात गेल्या तर काय होते? तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, नाडी धावू लागते, गुंगी येते. कधी आकडी येते, रक्तदाब उतरतो. पण खरा घाला पडतो तो हृदयावर.

हृदयाचा ठोका म्हणजे विजेचा खेळ आहे. हृदयाच्या स्नायूपेशींच्या भिंतींत सूक्ष्म दारे असतात. ती उघडली की बाहेरचे सोडियमचे आयन आत घुसतात आणि विजेची लाट एका पेशीकडून दुसरीकडे पसरते. औषधाचा रेणू या दारांत पाचरीसारखा बसतो. लाट रेंगाळते. कार्डिओग्रामच्या कागदावर हे चक्क मोजता येते. त्यावरचा एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. निरोगी हृदयाच्या मोठ्या कप्प्यांचा उंच सुळका साधारण अडीच चौकोनांत, म्हणजे ०.१ सेकंदात मावतो. विषबाधेत तो रुंदावतो. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे दिसले, की सुळका ०.१ सेकंदाहून रुंद झाला तर आकडीचा धोका असतो आणि ०.१६ सेकंदाच्या पुढे गेला तर ठोक्यांची लयच बिघडण्याचा. रक्तात औषध किती आहे, यापेक्षा या कागदावरून धोका अधिक चांगला कळत होता!

आता सोड्याचे काम पाहा. तो शिरेतून दिला की पेशींबाहेर सोडियमची गर्दी वाढते आणि जी दारे मोकळी आहेत त्यांतून अधिक आयन आत शिरतात. शिवाय रक्त किंचित अल्कधर्मी होते. एरवी रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. डॉक्टर तो ७.५ च्या थोडा वर नेतात. त्यामुळे औषधाच्या रेणूंची दारांवरची पकड सैल पडते. रुंदावलेला सुळका काही वेळा डोळ्यांदेखत अरुंद होतो. (हा सोडा घरी पाण्यातून पाजून मात्र काडीचाही उपयोग नाही, बरे का!)

रुग्ण शुद्धीवर असेल आणि गोळ्या घेऊन तासाभराहून जास्त वेळ झाला नसेल, तर सक्रियित कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजतात. या कोळशाला इतकी सूक्ष्म छिद्रे असतात, की त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. चिमूटभर पुडीत दहा गुंठे जमीन म्हणा ना! त्यावर औषधाचे रेणू चिकटून बसतात. आकडीवर वेगळे इंजेक्शन असते. श्वास मंदावला तर यंत्राने तो चालू ठेवतात. तुम्ही विचाराल, रक्त गाळून औषध काढून टाकता येणार नाही का? नाही. हे औषध रक्तात फार थोडे राहते. बहुतेक सारे शरीराच्या ऊतींत जाऊन दडते.

१९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले फ्लुऑक्सेटीन आणि त्या जातीची नवी औषधे या बाबतीत बरीच कमी घातक आहेत. त्यांचा अतिरेक झाला तर थरथर, घाम, ताप अशी लक्षणे दिसू शकतात. अशा वेळीही रुग्णालय गाठायचेच.

घरात असे काही घडले तर मीठपाणी पाजू नका, घशात बोटे घालून उलटी करवू नका. वाटेत आकडी आली तर उलटी फुप्फुसात जाण्याची भीती असते. '१०८' ला फोन करा आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट बरोबर घ्या. गोळ्या कोणी मुद्दाम घेतल्या असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. लाजेपोटी लपवाल तर मोलाचा वेळ जाईल. (मन फार खचले असेल, तर '१४४१६' या सरकारी 'टेलि-मानस' क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येते.)

मूल हसते-खेळते दिसले तरी थांबू नका. हे औषध आतड्यांची हालचालच मंद करते, त्यामुळे ते सावकाश रक्तात उतरते आणि मग प्रकृती एकाएकी ढासळते. गंभीर लक्षणे बहुधा पहिल्या सहा तासांत दिसतात, म्हणून तेवढा वेळ तरी डॉक्टर मुलाला कार्डिओग्रामच्या तारा लावून नजरेखाली ठेवतात. सुळका अरुंद राहिला, नाडी ठीक असली आणि गुंगी नसली, तर मूल घरी जाते.