शाळेत जाताना (लेखांक ६) : फळा दिसतो का?

मागच्या आठवड्यात डब्याविषयी बोललो. आज डोळ्यांविषयी. अंधुक दिसतंय अशी तक्रार मूल सहसा करत नाही. आपल्याला दिसतं तसंच सगळ्यांना दिसत असणार, असं ते धरून चालतं आणि आपल्या परीनं वाट काढतं. शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतं, डोळे बारीक करतं, मान तिरकी करतं, टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसतं. बाईंना मात्र एवढंच दिसतं की याचं वर्गात लक्ष नाही. असा शेरा आला की आपण शिकवणी शोधू लागतो. माझं म्हणणं आहे, त्याआधी डोळे तपासून घ्या.

चीनच्या पश्चिम भागातल्या प्राथमिक शाळांमध्ये हे पडताळून पाहिलं गेलं. काही मुलांना चष्मे फुकट दिले, तर काहींच्या घरी नंबरची नुसती चिठ्ठी पाठवली. शालेय वर्षाच्या शेवटी चष्मेवाल्या मुलांचे गणिताचे गुण सरस ठरले. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला.

सगळ्यात जास्त फसगत होते ती एकाच डोळ्यात नंबर असला की. चांगला डोळा सगळं काम उरकतो, मूल धावतं, वाचतं, कुणाला शंकाही येत नाही. इकडे मेंदू अधू डोळ्याकडून येणारं चित्र हळूहळू बाजूला टाकायला शिकतो. याला डॉक्टर 'आळशी डोळा' म्हणतात. चष्मा देऊन, चांगला डोळा रोज काही तास पट्टीनं झाकून अधू डोळ्याला कामाला लावता येतं. पण हे जितक्या लहान वयात होईल तितकं बरं. सात वर्षांच्या आत सुरुवात झाली तर गुण चांगला येतो, पुढे तो कमी होत जातो. म्हणून पहिलीत नाव घालण्याआधीच एकदा नेत्रतज्ज्ञांकडून दोन्ही डोळे वेगवेगळे तपासून घ्यावेत. घरीसुद्धा अंदाज घेता येतो. एक डोळा तळव्यानं, न दाबता, झाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे लांबून वाचायला सांगा. मग दुसरा डोळा झाका. एका डोळ्याच्या वेळी मूल कुरकुरलं, हात बाजूला सारू लागलं, तर तपासणी लांबवू नका.

चष्मा लावला की नंबर वाढतो, हा समज अजून घरोघरी आहे. नंबर वाढतो तो वाढत्या वयात डोळ्याचा गोल लांबत जातो म्हणून. चष्मा काढून ठेवल्यानं ते थांबत नाही. मुलीच्या बाबतीत तर 'पुढे लग्नात अडचण येईल' म्हणून तो कपाटात पडून राहतो. याचा मला फार राग येतो. त्या मुलीची दहा वर्षांची शाळा अंधुक जाते.

लांबचं न दिसण्याचा दोष मुळात जडूच नये यासाठी उघड्यावरचं खेळणं खरंच उपयोगी पडतं. चीनमधल्याच ग्वांगझू शहरात काही शाळांनी रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढली. तीन वर्षांत तिथल्या सुमारे ३० टक्के मुलांना हा दोष जडला, इतर शाळांमध्ये सुमारे ४० टक्के मुलांना. बाहेरचा उजेड वर्गातल्यापेक्षा कितीतरी पटींनी प्रखर असतो आणि त्याचाच हा परिणाम असावा, असं मानलं जातं. खेळाचा तास गणितासाठी घेणाऱ्या शाळांनी हे आकडे जरूर पाहावेत.

सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. २०१३ पासून ही सोय आहे, आणि गरजू विद्यार्थ्यांना मोफत चष्मे देण्याची सरकारी योजनाही आहे. पथक येऊन गेलं की मुलाला नेत्रतपासणीसाठी पुढे पाठवायला सांगितलंय का, हे वर्गशिक्षकांना आवर्जून विचारा. चष्मा मिळाल्यावरही दरवर्षी नंबर पुन्हा तपासावा लागतो, कारण मूल वाढतं तसा तो बदलतो.