धरणकाठचे पक्षी, माळावरचे पक्षी

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील पक्ष्यांच्या शास्त्रीय नोंदी उशिरा सुरू झाल्या, आणि त्याचे कारण बरेचसे राजकीय होते. एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या पक्ष्यांवर लिहिणारे लोक बहुतेक इंग्रजी लष्करातले किंवा मुलकी खात्यातले होते. जिथे नेमणूक, तिथले पक्षी त्यांच्या कागदावर आले. कर्नल साइक्स यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्ये प्रसिद्ध झाली, ती मुख्यतः पुणे-अहमदनगरकडील मुलखावर आधारलेली होती. त्या यादीत वर्णन केलेला तुरेवाला चंडोल मराठवाड्याच्या मुरमाड माळावर आजही सहज दिसतो. मद्रास सैन्यातील डॉक्टर जर्डन काही काळ जालन्याच्या छावणीत होते. गोदावरीच्या खालच्या अंगाचा नांदेडचा पट्टा आणि मांजरा-तेरणेचे खोरे मात्र निजामाच्या अंमलाखाली, या नेमणुकांच्या वाटेपासून दूर राहिले.

याचा अर्थ पक्ष्यांची जाण नव्हती असा नव्हे. रब्बी ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसून गोफण फिरवणाऱ्याला भोरड्यांचे थवे कधी उतरतात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी कणसांवर तुटून पडतात, हे पाठ असे. मध्य आशियातून येणारा हा पक्षी पावसाळा सरताना हजर होतो आणि पळस फुलून गेल्यावर परततो. फासेपारध्यांचे ज्ञान त्याहून बारीक होते. पाळलेला तित्तर ओरडवून रानातला तित्तर फाशात आणायचा, तर त्याची हद्द, हाक आणि विणीचा काळ ओळखावा लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार गुन्हा ठरली, आणि ते योग्यच झाले. पण त्या ज्ञानाची वही कोणी भरली नाही, हे मोठे नुकसान म्हणावे लागेल.

पहिली पद्धतशीर मोहीम १९३१ मध्ये निघाली. बर्लिनला पक्षितज्ज्ञ स्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकून परतलेल्या सलीम अलींना नोकरी नव्हती. खर्च मिळाला तर बिनपगारी काम करू, या तयारीवर त्यांनी हैदराबाद संस्थानच्या पक्ष्यांचे सर्वेक्षण अंगावर घेतले. नांदेड तेव्हा संस्थानातला जिल्हा होता आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत होते. १९३३-३४ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हा अहवाल क्रमशः आला आणि ह्यू व्हिसलर यांनी त्याला वर्गीकरणाची टिपणे जोडली. बंदुकीने पक्षी टिपून कातडी जपण्याचा तो काळ होता, तरी अधिवास आणि विणीविषयी सलीम अली जे लिहीत, त्यामुळे तो अहवाल संग्रहालयाच्या यादीपेक्षा बराच पुढे गेला. मराठवाड्यातील पक्ष्यांचा जुना दाखला शोधताना आजही त्याच्याकडे वळावे लागते.

त्यानंतरची दोन-तीन दशके या भागापुरती सुनी गेली. १९४८ ची पोलीस कारवाई, १९५६ चे द्विभाषिक राज्य, १९६० चा महाराष्ट्र या धामधुमीत पक्ष्यांकडे पाहायला सवड कोणाला होती? वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या नोकरीच्या मुक्कामांत नांदेडही होते. पुढे नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या जंगलांनी त्यांच्या लेखनाला खरी सामग्री दिली. पण ‘पक्षी जाय दिगंतरा’ आणि ‘पक्षिकोश’ या पुस्तकांनी पक्षीनिरीक्षण मराठी वाचकाच्या घरात आणले, त्याचा लाभ मराठवाड्यालाही झाला. चितमपल्लींचा ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर हे जन्मदिवस जोडून राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो.

खरा पालट धरणांनी घडवला. मांजरा नदीवर धनेगावला, मन्याडवर बारूळ-लिंबोटीला, गोदावरीवर विष्णुपुरीला पाणी अडले. ज्या प्रदेशात पाणपक्ष्यांना नदीचे डोह आणि गावतळी एवढाच आसरा होता, तिथे मैलोन्‌मैल उथळ काठ तयार झाले. जलाशय उतरू लागला की उघडी पडणारी गाळपेराची जमीन म्हणजे टिलव्यांना, तुतवारांना, शेकाट्यांना अन्नाचे कोठार. मधल्या पाण्यावर थापट्या, तलवार बदके, चक्रवाक आणि वारकऱ्यांचे थवे. त्याच गाळपेरावर हरभरा, टरबूज पेरणारा शेतकरीही उतरतो, तेव्हा जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीची आणि नदी सुरयाची पंचाईत होते. धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. म्हणजे पाणी अडण्याची वेळ आणि उत्तरेकडून बदके येण्याची वेळ जवळपास एकच पडते. दोन राज्यांच्या भांडणातून निघालेले हे वेळापत्रक योगायोगाने पाखरांच्या सोयीचे आहे.

धरणांपाठोपाठ निरीक्षकही आले. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होऊ लागली. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना घराजवळचा जलाशय हा हाताशी असलेला संशोधनविषय मिळाला. नांदेड शहर व परिसरातील पक्ष्यांची यादी २००५ मध्ये ‘झूज प्रिंट जर्नल’मध्ये छापून आली. नांदेड जिल्ह्यातील शिकाच्या वाडीच्या तलावाची यादीही याच सुमाराची. गेल्या दशकात ई-बर्ड हे नोंदींचे संकेतस्थळ आल्यावर दुर्बीण आणि मोबाइल असलेला शिक्षक, डॉक्टर किंवा विद्यार्थी रोजची नोंद टाकू लागला.

या साऱ्या नोंदींचा झुकाव पाण्याकडे आहे. एका बांधावर उभे राहून सकाळभरात चाळीसेक जाती मिळत असतील, तर माळावर पखुर्डी आणि धाविक शोधत उन्हात फिरायला कोण जाणार? पण बदल माळावर आणि शेतातच अधिक झाला. लातूर पट्ट्यात ज्वारीची जागा सोयाबीनने आणि बागायतीत उसाने घेतली. कणीस गेले की दाणे टिपणाऱ्यांचा हिवाळी आहार आटतो. गवताळ पडीक रान नांगरले की तिथे रात्री जमिनीवर निवाऱ्याला उतरणाऱ्या भोवत्यांची जागा जाते. किनवटचे सागवान जंगल हा तिसराच प्रदेश. पैनगंगेच्या अंगाने ते विदर्भाशी आणि आदिलाबादेशी जोडलेले आहे. हरियल आणि पावसाळ्यात येणारा नवरंग यांच्यासाठी तिकडेच जावे लागते. मात्र शहरापासूनच्या अंतरामुळे तिथल्या फेऱ्या कमीच होतात.

पाण्याच्या नोंदीसुद्धा सरळ वाचता येत नाहीत. २०१६ मध्ये मांजरा प्रकल्प आटला आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी बदके कमी दिसली, तर ती जात घटली असे होत नाही. थवा पाणी असलेल्या दुसऱ्या जलाशयावर गेलेला असू शकतो. यादीशेजारी त्या दिवशीची पाणीपातळी लिहिलेली नसेल, तर वीस वर्षांनी तो आकडा निरुपयोगी ठरतो.

जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचे निदान केले. त्याच्या चार वर्षे आधी अहमदपूर तालुक्यातील केंद्रेवाडीत हा रोग कोंबड्यांत आढळला होता. या वेळी तो रोज अंगणात येणाऱ्या रानपक्ष्यात होता. मेलेले कावळे मोजले गेले. जिवंत कावळ्यांविषयी मात्र पक्ष्यांच्या याद्यांत सहसा ‘सर्वत्र आढळतो’ एवढाच शेरा असतो, आणि त्यावरून घट मोजता येत नाही.