आखूड हौद्याचा ट्रक आणि ट्रेलरचा जोड
अमेरिका आणि कॅनडात राहण्याची सगळी सोय असलेला मोठा ट्रेलर पिकअप ट्रकच्या मागे ओढत नेऊन सुटी घालवण्याची पद्धत चांगलीच रुळलेली आहे, आणि ट्रक व ट्रेलर यांना एकत्र बांधणाऱ्या पोलादी जोडाला तिथे हिच म्हणतात. लहान ट्रेलरचा जोड ट्रकच्या मागच्या बंपरखाली बसतो. मोठ्या ट्रेलरसाठी वापरला जाणारा ‘फिफ्थ व्हील’ जोड मात्र ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या नेमका वर किंवा किंचित पुढे बसवतात. ट्रेलरच्या नाकाडाखालचा किंगपिन, म्हणजे २ इंच व्यासाचा पोलादी खुंटा, या जोडाच्या जबड्यात अडकतो, आणि भार आसावर पडत असल्यामुळे ट्रेलर डोलण्याचे प्रमाण बरेच कमी होते. हा जोड घेताना ग्राहक सहसा तो किती वजन पेलेल एवढेच विचारतो. परंतु हौदा आखूड असेल, तर वळताना ट्रेलरचा कोपरा कुठवर येईल, हा प्रश्न त्याआधी सोडवावा लागतो.

पूर्वी ८ फूट लांबीचा हौदा सर्रास असे. आता चार दरवाजांची ऐसपैस केबिन आणि तिच्यामागे साडेपाच ते साडेसहा फुटांचा हौदा, अशी रचना कुटुंबांना अधिक सोयीची वाटते. अडचण तिथूनच सुरू होते. साडेसहा फुटी हौद्याच्या ट्रकमध्ये मागचा आस आणि केबिनची मागची भिंत यांत साधारणपणे ४० इंचांचेच अंतर असते, तर साडेआठ फूट रुंदीच्या ट्रेलरची निम्मी रुंदी ५१ इंच भरते. ट्रक ट्रेलरशी काटकोनात वळला की ट्रेलरची बाजू किंगपिनच्या पुढे या निम्म्या रुंदीइतकी येते, म्हणजेच या उदाहरणात ११ इंच जागा कमी पडते, आणि ट्रेलरचा कोपरा केबिनच्या मागच्या काचेवर आदळतो. हमरस्त्यावर इतके तीव्र वळण घ्यावे लागत नाही. तळावरच्या अरुंद जागेत ट्रेलर मागे घेताना मात्र ते हमखास घ्यावे लागते.

जोड कायमचाच मागे सरकवून बसवावा, हा सहज सुचणारा उपाय धोक्याचा आहे, कारण भार आसाच्या मागे गेला की पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगचा ताबा सुटू लागतो. म्हणून सरकता जोड वापरतात, जो एरवी आसावर राहतो आणि गरजेपुरता १० ते १४ इंच मागे जातो. हाताने सरकवण्याच्या प्रकारात चालकाने थांबून, खाली उतरून खटका ओढायचा, ट्रेलरचे ब्रेक लावून धरायचे आणि ट्रक हळूच पुढे घ्यायचा, म्हणजे जोड मागे सरकून अडकतो. हमरस्त्याला लागण्यापूर्वी तो पुन्हा पुढे आणणे अत्यावश्यक असते. हा प्रकार स्वस्त आहे, पण पेट्रोल पंपावर अवचित कोंडीत सापडलेल्या चालकाला खटका ओढण्याचे भान राहील, या भरवशावर तो उभा आहे. आपोआप सरकणारा जोड वळणाबरोबर स्वतःच मागे जातो आणि गाडी सरळ होताच पुढे येतो. त्यासाठी किंगपिनभोवती एक पट्टी पक्की बसवावी लागते, जोड वजनालाही जड असतो आणि किंमतही बरीच जास्त पडते. तरीही नवख्या चालकासाठी हा खर्च सार्थकी लागतो, कारण इथे त्याच्या आठवणीवर काहीही अवलंबून राहत नाही.

तिसरा मार्ग ट्रेलरच्या बाजूने जातो. किंगपिन ज्या पेटीत बसवलेला असतो ती बदलून अशी पेटी घालता येते, जिच्यात वळणाचा बिंदू किंगपिनपासून सुमारे २२ इंच मागे असतो. मग हौद्यात साधा, न सरकणारा जोडही चालतो. मात्र किंगपिन जबड्यात फिरू नये म्हणून लागणारी पाचर त्याच जोडाच्या मापाची हवी. अनेक नव्या ट्रेलरांच्या नाकाडाचे कोपरे आत वळवलेले असतात आणि ते आखूड हौद्याला चालतात असे विक्रेते सांगतात. तरी खरेदीपूर्वी टेपने मोजून पाहावे, कारण केबिनला टेकून ठेवलेली अवजारांची पेटीसुद्धा हा हिशेब बिघडवते.

यानंतर वजनाचा विचार. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारण १५ ते २५ टक्के भार किंगपिनवाटे ट्रकवर येतो, म्हणजे १०,००० पौंडांचा, सुमारे साडेचार टनांचा ट्रेलर ट्रकवर १,५०० ते २,५०० पौंड टाकतो. चालकाच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर माणसे आणि सामान मिळून ट्रक किती वजन वाहू शकतो याचा आकडा छापलेला असतो. किंगपिनचा भार, जोडाचे स्वतःचे वजन आणि घरची मंडळी, सारे त्या एकाच आकड्यात बसवावे लागते. ‘अर्ध्या टनाचा’ म्हणवला जाणारा हलका ट्रक जाहिरातीत सांगितलेले वजन ओढू शकत असला, तरी या पट्टीवरचा आकडा बहुधा आधी ओलांडला जातो, आणि कितीही मजबूत जोड घेतला तरी ती मर्यादा वाढत नाही.

उंचीचे माप शेवटी घेतात. हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचे पोट यांच्यात साधारण ६ इंच मोकळी जागा राहील अशा बेताने जोडाची उंची ठरवावी, कारण चढउताराच्या रस्त्यावर ट्रेलर पुढेमागे कलतो आणि जागा अपुरी असेल तर हौद्याच्या कडा चेपतात. जोड बसवल्यानंतर मोकळ्या मैदानात, एकाला खाली उभे करून काच आणि कोपरा यांतल्या अंतरावर लक्ष ठेवायला सांगून, दोन्ही बाजूंना अगदी सावकाश पूर्ण वळण घेऊन पाहावे.