एका पात्याचे वल्हे

३ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊ एशियाडमध्ये अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम या जोडीने पुरुषांच्या कॅनो दुहेरीत, १००० मीटर अंतरावर, कांस्यपदक मिळवले. त्याआधी या खेळात भारताला एशियाडचे एकच पदक मिळाले होते. ते १९९४ साली हिरोशिमात सिजी सदानंदन आणि जॉनी रोमेल यांनी जिंकले. तेही कांस्य, तेही १००० मीटरचे आणि तेही कॅनो दुहेरीचेच. २९ वर्षांच्या अंतराने आलेली ही दोन्ही पदके कॅनोची आहेत, कयाकची नाहीत.

पर्यटनाच्या जाहिरातींत मात्र सगळीकडे कयाकच दिसते. कोलाडला कुंडलिकेच्या पाण्यावर किंवा कोकणातल्या खाड्यांत हौशी माणसाच्या हाती पहिल्यांदा येते ते दोन पात्यांचे वल्हे. असे असूनही जगभर असंख्य वल्हेकरी कॅनोशी एकनिष्ठ आहेत. ते का, हे समजून घेणे सोलापूरकरांसाठी अगत्याचे आहे, कारण भीमेचे आणि तिच्यावरच्या उजनी धरणाचे पाणी याच नावेच्या स्वभावाचे आहे.

दोन नावा, दोन मुलूख

कॅनो वरून उघडी असते. वल्हेकरी तिच्यात गुडघे टेकून किंवा थोड्या उंच पाटावर बसून एकाच पात्याचे वल्हे चालवतो. कयाकमध्ये तो तळाशी, पाय पुढे पसरून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे डावी-उजवीकडे आलटून पालटून मारतो. मूळ कयाक वरून बंद असते. कमरेभोवतीची फट आच्छादनाने झाकली की लाट अंगावर आली तरी आत पाणी शिरत नाही.

हा फरक हौसेतून आलेला नाही, तो पाण्याने आणि पोटापाण्याने घडवला. उत्तर अमेरिकेतल्या जंगलांत नद्या आणि तळी एकमेकांत गुंतलेली. तिथल्या आदिवासींनी भूर्ज झाडाची साल लाकडी सांगाड्यावर ताणली, ती झाडांच्या मुळांनी शिवली, सांध्यांना डिंक भरला आणि हलकी, पोटात भरपूर जागा असलेली नाव तयार केली. एका तळ्याचे पाणी संपले की ती खांद्यावर घ्यायची आणि पुढच्या तळ्यात सोडायची. पुढे केसाळ कातड्यांच्या व्यापारात अशाच, सुमारे ११ मीटर लांबीच्या नावांतून टनावारी माल हलवला गेला.

कयाक जन्मली उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात. तिथे गोठणाऱ्या पाण्यात पडणे म्हणजे मृत्यू. इन्युइट शिकाऱ्याने वाहून आलेल्या लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे चढवले आणि अंगात कपडा घालावा तशी, स्वतःच्या मापाची नाव बेतली. उलटली तरी तिच्यातून बाहेर न पडता वल्ह्याच्या जोरावर पुन्हा सुलटे व्हायचे, हे कसब तिथे जगण्याची अट होती. म्हणजे कॅनो ओझे वाहण्यासाठी आणि माणसांना सोबत नेण्यासाठी, तर कयाक एकट्या शिकाऱ्याला थंडीपासून व लाटेपासून वाचवण्यासाठी घडली.

वेग कयाकचा, मग ओढ कशाची?

वेगाच्या बाबतीत वादच नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या १००० मीटर एकेरीत कयाकचे सुवर्ण योसेफ दोस्तालने सुमारे ३ मिनिटे २४ सेकंदांत जिंकले. कॅनोचे सुवर्ण मार्टिन फुक्साने सुमारे ३ मिनिटे ४३ सेकंदांत. दोघेही चेक, दोघेही जगातले अव्वल, तरी फरक १९ सेकंदांचा. दोन पात्यांमुळे कयाकला जवळजवळ सलग रेटा मिळतो. कॅनोत प्रत्येक फटक्यानंतर वल्हे पाण्याबाहेर काढून पुन्हा पुढे न्यावे लागते आणि तेवढ्या वेळात नाव मंदावते.

कॅनोची खरी परीक्षा दिशा राखण्यात आहे. उजवीकडे वल्हे मारले की नावेचे तोंड डावीकडे वळते. शर्यतीच्या कयाकला पायाने फिरवायचे सुकाणू असते. शर्यतीच्या कॅनोला सुकाणूच नसते. एका गुडघ्यावर बसलेला खेळाडू संपूर्ण अंतर एकाच बाजूने वल्हवतो आणि तरीही नाव सरळ नेतो. प्रवासी कॅनोत यासाठी एक जुनी युक्ती आहे. फटका मागे संपत आला की मनगट फिरवून पाते नावेपासून बाहेरच्या बाजूला हलकेच रेटायचे. पुढे नेणारा जोर आणि दिशा सुधारणारा जोर एकाच हालचालीत साधतो. हे जमायला वेळ लागतो, पण एकदा हाताला कळले की नाव सांगाल तशी वळते. अनेकजण कॅनोकडे ओढले जातात ते या कारागिरीसाठी.

दुसरे कारण शरीराचे आहे. कयाकमध्ये पाय लांब करून तासन् तास बसले की कंबर आणि मांड्या आखडतात. कॅनोत गुडघे टेकता येतात, पाटावर बसता येते, अवघडलेले पाय हलवता येतात. उंचावर बसल्याने पाण्याखालचा खडक, गवत, समोरचा पक्षी लवकर दिसतो. कयाकचे वल्हे वर उचलले की पाणी दांड्यावरून ओघळून हातावर आणि मांडीवर येते. कॅनोच्या वल्ह्याचे पाते खालीच राहते, त्यामुळे वल्हेकरी बराच कोरडा राहतो. तंबू, भांडी, शिधा, एखादे लहान मूल, सारे उघड्या नावेत सामावते, आणि काठाला लागल्यावर उतरणेही सोपे जाते.

तिसरे कारण जोडीदाराचे. दोघांच्या कॅनोत पुढचा लय धरतो, मागचा दिशा सांभाळतो. पुढच्याला मागचा दिसत नाही, तरी त्याचा प्रत्येक फटका नावेच्या अंगातून जाणवतो. घाई एकाने केली तरी नाव दोघांची डगमगते. म्हणूनच बाप-लेक, नवरा-बायको, गुरू-शिष्य अशा जोड्यांना ही नाव मानवते.

भीमेचे पाणी काय मागते?

माढा तालुक्यात भीमेवर उभे असलेले उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेचा त्याचा यशवंतसागर जलाशय करमाळा, माढा, इंदापूर, दौंड अशा तालुक्यांच्या शिवारांत पसरला आहे. त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृतसाठ्यात मोडतो, म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ आणि पावसाळ्यात ‘उजनी प्लसमध्ये आली’ ही सोलापूरकरांची जिवाभावाची बातमी असते. पाणी ओसरते तसे काठ उथळ होतात, गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि हिवाळ्यापासून तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात.

अशा पाण्यावर भोई समाजाच्या मच्छीमारांनी आपली नाव कधीच निवडली आहे. उघडी, उथळ बुडाची, जाळे आणि चिलापीचा ढीग पोटात घेणारी. पाणी खोल असेल तिथे वल्हे, उथळ असेल तिथे बांबूचा रेटा. ती घडणीने अमेरिकी कॅनो नव्हे, पण तिचा विचार तोच आहे: नावेत जागा हवी, हात जाळ्याला मोकळे हवेत आणि हवे तेव्हा उभे राहता आले पाहिजे. पंढरपुरात चंद्रभागेवर वारकऱ्यांना विष्णुपदाकडे नेणाऱ्या महादेव कोळ्यांच्या होड्याही याच कुळातल्या. कोकणातला मच्छीमार लहान होडीच्या बाजूला उलांडी, म्हणजे तरंगता ओंडका, बांधून तिला समुद्रात स्थिर करतो, तोही उघड्या नावेलाच दिलेला आधार आहे.

सोलापूरच्या उन्हाचाही विचार हवा. पारा ४० च्या वर गेल्यावर कमरेपासून खाली बंद कयाकमध्ये बसणे ही शिक्षा ठरते. थंडीपासून बचाव करणारी रचना इथे उलटी पडते.

उघड्या नावेची मर्यादा

कॅनोवर प्रेम असणाऱ्याने तिचा कमकुवतपणाही स्पष्ट सांगितला पाहिजे. तिच्या उंच कडा वारा धरतात आणि लाट आत आली की पाणी साचत जाते. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट अचानक उठलेल्या वादळात उजनीत उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ती बोट वल्ह्याची कॅनो नव्हती, पण उजनीवरचा वळिवाचा वारा किती निर्दय असतो हे त्या दिवसाने दाखवले.

म्हणून उघड्या नावेचे नियम पाळलेच पाहिजेत. जीवरक्षक जाकीट अंगात घालून, बंद आवळून बसायचे. ते नावेत पडून असेल तर उपयोगाचे नाही. ओझे तळाशी आणि मध्यभागी ठेवायचे. लाटा वाढल्या की पाट सोडून गुडघ्यांवर यायचे, म्हणजे शरीराचा भार खाली येतो आणि नाव स्थिरावते. मे महिन्यात दुपारनंतर आभाळ भरून येत असेल तर भर पाण्यात जायचेच नाही, काठाकाठाने चालायचे. नाव उलटली तर तिला सोडून पोहत सुटू नये. नावेच्या दोन्ही टोकांना हवेचे बंद कप्पे असतील तर पाणी भरलेली नावही तरंगत राहते आणि धरायला आधार देते. खवळलेला समुद्र आणि खडकाळ धबाबा पाणी मात्र कयाकचेच, आणि तिथे तिलाच मान द्यावा.

उजनीवर जलपर्यटनाचे बेत आखले जात आहेत. तिथे वल्ह्याचा खेळ यायचा असेल तर त्याची सुरुवात दोघांच्या उघड्या कॅनोने व्हावी, असे मला मनापासून वाटते. मागच्या पाटावर जाणता भोई, पुढच्या पाटावर शाळेतला मुलगा किंवा मुलगी. वारा कुठून उठतो, गाळ कुठे आहे, कुठल्या वेळी परतायचे, हे ज्ञान त्या काठावर पिढीजात आहे. त्या भोयाला ते शिकवण्याचा मान आणि मोबदला मिळाला पाहिजे. महिलांच्या कॅनो शर्यती ऑलिंपिकमध्ये टोकियोपासून सुरू झाल्या, त्यामुळे मुलींनाही ही वाट आता मोकळी आहे. देशाला एशियाडची दोन पदके जोडीच्या कॅनोनेच दिली. तिसऱ्या पदकाची तयारी करमाळ्याच्या किंवा माढ्याच्या काठावर सुरू करण्यासाठी पाणी आपल्याकडे आहे आणि ते ओळखणारी माणसेही आहेत.