यान रिकामं का पळतंय? खेळातून संशोधनाचा प्रश्न कसा काढायचा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी गाइडना म्हटलं, "सर, मला वाहतुकीवर काम करायचंय." ते म्हणाले, "हा विषय झाला. प्रश्न काय आहे?" पुढचे काही महिने मी पेपर वाचत राहिले आणि दर मीटिंगमधून तेच वाक्य ऐकून परत आले. प्रश्न सापडला तो दिवाळीच्या सुट्टीत, वेळापूरला, घरच्या ओट्यावर.

चुलत भावंडांसाठी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर अंतराळातला एक खेळ आखला होता. एका ग्रहावरून माल उचलायचा, दुसऱ्यावर पोचवायचा. कल्पना माझी नव्हे. 1988 साली ॲव्हलॉन हिल कंपनीने रिचर्ड हॅम्ब्लेन यांचा 'मर्चंट ऑफ व्हीनस' हा बोर्डगेम काढला, त्याचा गाभा हाच. माझ्या खेळात मात्र सगळे ग्रह एकाच रेषेत होते. मध्ये पृथ्वी, डावीकडे 2 घरांवर शुक्र, उजवीकडे 1 घरावर मंगळ आणि 4 घरांवर गुरू. यान पृथ्वीवर उभं. एका वेळी एकच खोकं मावतं. ऑर्डरी दोन:

अ) मंगळावरून गुरूला
ब) शुक्रावरून मंगळाला

धाकटा भाऊ जवळचं आधी म्हणून मंगळाकडे पळाला. मंगळ 1, तिथून गुरू 3, मग शुक्रापर्यंत उलटं 6, परत मंगळ 3. एकूण 13 घरं. बहिणीने आधी शुक्र गाठला: 2, मंगळ 3, तिथलंच खोकं उचलून गुरू 3. एकूण 8. भावाला वाटलं, मी फसवलं!

आमचे तात्या टेम्पो चालवतात. ते बाजूला बसून बघत होते. म्हणाले, "अगं, माल भरून दोघंबी सारखंच पळाले की. ह्याची गाडी मोकळी जास्त फिरली. परतीचं भाडं बघितलं न्हाय त्यानं."

मी मोजून बघितलं. माल भरून दोघांचीही 6 घरं. रिकामी भावाची 7, बहिणीची 2. यानात एकच खोकं मावत असेल, तर भरलेलं अंतर ठरलेलंच असतं, क्रम कोणताही लावा. म्हणजे सगळा खेळ रिकाम्या अंतराचा. "वाहतूक" या ढोबळ विषयाचा आता नेमका प्रश्न झाला: रिकामी धाव कमीत कमी कशी ठेवायची?

नाव कळलं की दार उघडतं

सुट्टीनंतर गाइडना हे सांगितलं, तेव्हा कळलं की या प्रश्नाला 'स्टॅकर क्रेन प्रॉब्लेम' असं नाव आहे. तो 'पिकअप अँड डिलिव्हरी' या मोठ्या कुटुंबातला. या घराण्याचं मूळ शोधत गेलं की बहुतेक वेळा आपण डँट्झिग आणि रॅमसर यांच्या 1959 च्या पेपरपाशी पोचतो. पेट्रोल पंपांना इंधन पोचवणाऱ्या ट्रकचे मार्ग कसे आखायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

मग सगळे क्रम तपासून बघायला काय हरकत आहे? यानात कितीही खोकी मावतात असं धरा. अट एवढीच की उचलल्याशिवाय पोचवता येत नाही. 2 ऑर्डरींचे 6 क्रम होतात, 5 ऑर्डरींचे 1,13,400 आणि 10 ऑर्डरींचे सुमारे 2,375 लाख कोटी. सेकंदाला 10 कोटी क्रम तपासणारा संगणक लावला, तरी नऊ महिने लागतील. म्हणून इथे हुशार पद्धती शोधाव्या लागतात आणि तिथेच संशोधनाला जागा आहे.

तुमचा प्रश्न कुठून येईल?

एक गृहीतक उचला आणि मोडा. माझ्या खेळात सगळ्या ऑर्डरी आधीच माहीत होत्या. 'मर्चंट ऑफ व्हीनस'मध्ये कुठे कोणती संस्कृती राहते, हे तिथे जाईपर्यंत कळत नाही. माहिती वाटेत उघडत गेली की प्रश्नच बदलतो. किंवा मुंबईचे डबेवाले बघा. तिथे एकच डबा वाटेत अनेकांच्या हातांतून जातो. म्हणजे "जो उचलेल तोच पोचवेल" ही अट गेली. मग हस्तांतर कुठे करायचं, हा नवा प्रश्न.

माझ्या अनुभवातून तीनच गोष्टी सांगते. उदाहरण इतकं लहान घ्या की हाताने सुटेल. त्यात काय बदलतं आणि काय अजिबात बदलत नाही, ते वेगळं लिहा. आणि ते काम रोज करणाऱ्या माणसाला दाखवा. मी महिनोन्‌महिने पेपरांत जे शोधत होते, ते तात्यांना डिझेलच्या खर्चामुळे आधीच ठाऊक होतं. त्यांच्याकडे सिद्धता नव्हती, ती देणं हे आपलं काम.

आता तुम्ही करा: वरच्याच नकाशावर तिसरी ऑर्डर घाला, गुरूवरून शुक्राला. यान पृथ्वीवरूनच निघेल, खोकं एकच मावेल. क्रम फक्त सहा आहेत. सगळे लिहून काढा आणि रिकामी धाव मोजा. बहिणीचा मार्ग अजूनही सगळ्यात चांगल्या मार्गाचा भाग राहतो का?